चांगल्या शिक्षकाला जास्त पगार: आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये हो म्हणू की नको?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय. मी मूळची सांगलीची. गेली अकरा वर्षं उत्तर टेक्सासमधल्या एका सरकारी शाळेत सातवीला गणित शिकवते. डिस्ट्रिक्ट म्हणजे इथे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था. आमच्या डिस्ट्रिक्टचं नाव सांगत नाही, लहानसं आहे.

राज्याच्या 'टीचर इन्सेंटिव्ह अलॉटमेंट' योजनेत आपण जायचं का, हे ठरवायला आमच्याकडे शिक्षकांची समिती नेमली आहे. तिच्यात मी आहे आणि तीन आठवड्यांत मत द्यायचंय. रात्री झोप लागत नाही म्हणून इथे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे शिक्षकाचा पगार बहुतेक ठिकाणी नोकरीची वर्षं मोजून वाढतो. २०१९ मध्ये टेक्सासने कायदा करून वेगळी वाट काढली. डिस्ट्रिक्टने शिक्षकांचं मूल्यमापन करायची पद्धत बसवायची, राज्य ती तपासणार आणि जे शिक्षक वर येतील त्यांना तेव्हाच्या तीनपैकी एक दर्जा देणार: रेकग्नाइज्ड, एक्झेम्प्लरी, मास्टर. कायदा झाला तेव्हा पहिल्यासाठी वर्षाला ३,००० ते ९,००० डॉलर, दुसऱ्यासाठी ६,००० ते १८,००० आणि मास्टरसाठी १२,००० ते ३२,००० असे आकडे होते. शाळेत गरीब घरची मुलं जास्त असतील किंवा शाळा ग्रामीण असेल तर रक्कम वरच्या टोकाकडे जाते. आलेल्या पैशातले ९० टक्के त्याच शाळेतल्या शिक्षकांच्या पगारावर खर्च करावे लागतात. दर्जा पाच वर्षं टिकतो.

पैसे राज्य देणार, कुणाचे कापून मला मिळणार नाहीत. मग अडचण काय?

माझ्या शेजारच्या वर्गात एक बाई आहेत, वीसहून जास्त वर्षं शिकवतात. दरवर्षी नव्याने देशात आलेल्या मुलांचा वर्ग त्या आपणहून मागून घेतात. होंडुरास, व्हेनेझुएला, अफगाणिस्तान, कुठकुठची मुलं. काहींची दोन-दोन वर्षं शाळा बुडालेली. आमच्या प्रस्तावात निम्मं वजन 'मुलांच्या गुणांतल्या वाढीला' आहे. ज्या मुलाचे मागच्या वर्षीचे गुणच नाहीत त्याची वाढ मोजता येत नाही, म्हणून ते मूल हिशोबातून वगळायचं. म्हणजे त्या बाई ज्या मुलांसाठी सर्वात जास्त राबतात ती मुलं कागदावर नाहीतच. परवा पार्किंगमध्ये त्यांनी मला विचारलं, "पुढच्या वर्षी हा वर्ग कोण मागेल गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमचे अनुभव सांगा. शिक्षक, पालक, कुणीही.

दोन_मुलांची_आई

मी पालक म्हणून लिहिते. मागच्या वर्षी माझ्या मुलीला अर्धं वर्ष विज्ञानाला कायमचा शिक्षकच नव्हता, रोज वेगळा बदली शिक्षक. आधीच्या बाई उत्तम होत्या, शेजारच्या डिस्ट्रिक्टने जास्त पगार दिला म्हणून गेल्या. चांगलं शिकवणाऱ्याला आणि फळ्यावर पान नंबर लिहून बसणाऱ्याला सारखाच पगार का? कुठल्या दुसऱ्या नोकरीत असं चालतं? पाटीपेन्सिल, हो म्हण.

कोयनाकाठ

वाचतोय. चांगला विषय.

घाटावरचा_आयटीवाला

@दोन_मुलांची_आई, दुसऱ्या नोकरीत काय चालतं ते मी सांगतो. आमच्याकडे बारा वर्षं बेल कर्व्ह होता. टीममध्ये दहा जण, दहाही जिवाला जीव देणारे, तरी एकाला खालचं रेटिंग द्यायचंच. परिणाम काय, तर हुशार माणसं हुशार टीममध्ये जायला नको म्हणायची, कारण तिथे आपण खाली येऊ. अप्रेझलच्या महिन्यात कॉफी मशीनपाशी कुणी कुणाला बग सोडवायला मदत करत नसे. शाळेत हे आणू नका.

विदा_वेडा

या विषयावर प्रयोग भरपूर झालेत. आठवतात ते मांडतो.

नॅशव्हिल, २००६ ते २००९. पाचवी ते आठवीचे गणिताचे जवळपास ३०० शिक्षक स्वतःहून प्रयोगात आले. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला सांगितलं, मुलांच्या गुणांत मोठी वाढ दाखवा, वर्षाला १५,००० डॉलरपर्यंत बोनस. तीन वर्षांनी दोन्ही गटांच्या मुलांत एकूणात फरक नाही. पाचवीत थोडा दिसला, तोही टिकला नाही.

न्यूयॉर्क, २००७ पासून. तिथे बोनस अख्ख्या शाळेला, शिक्षकामागे ३,००० डॉलर या हिशोबाने. फरक नाही. २०११ मध्ये योजना गुंडाळली.

हे वाचून लोक म्हणतात, पैशाने काही होत नाही. पण त्याला दुसरी बाजू आहे आणि ती पाटीपेन्सिल यांच्या अगदी शेजारची आहे: डॅलस. माइक माइल्स सुपरिंटेंडेंट (डिस्ट्रिक्टचे प्रमुख) असताना, २०१४ मध्ये तिथे वर्षांवर चालणारी पगारश्रेणी काढून टाकली. नऊ पायऱ्या केल्या. तपासणी, मुलांचे गुण आणि मोठ्या वर्गांत मुलांनी भरलेली प्रश्नावली, या तिन्हींवर पायरी ठरते. तिसरीपासून पुढचे परीक्षेचे विषय असतील तर ५०, ३५ आणि १५ टक्के असं वजन होतं. अर्थतज्ज्ञ हानुशेक आणि सहकाऱ्यांनी नंतर डॅलसची तुलना तशाच इतर डिस्ट्रिक्टशी केली. गणितात मुलं स्पष्ट पुढे गेलेली दिसली. राज्याची योजना याच डॅलसच्या वळणावर बेतलेली आहे.

फरक कशाने पडला असावा? माझं मत: नॅशव्हिलमध्ये त्याच शिक्षकाला त्याच वर्गात 'आणखी जोर लाव' म्हणून पैसे दाखवले. शिक्षक आधीच जोर लावत होता. डॅलसमध्ये पैशाने *माणसं हलली*. कोण येतं, कोण राहतं, कोण सोडून जातं, हे बदललं.

गुरुजी_बीड

पाटीपेन्सिल ताई, मी बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर आहे. तुमच्या शेजारच्या बाईंचं वाचून गलबललं.

आमच्याकडे दिवाळी झाली की वर्गातली मुलं ऊसतोडीला आईबापांबरोबर जातात. ३१ पटाचा वर्ग, डिसेंबरात १८ वर येतो. हंगामी वसतिगृह असतं, तरी धाकट्या भावंडाला सांभाळायला पोरगी लागते म्हणून घेऊन जातात. मार्चच्या सुमारास पोरं परत येतात, पाढे विसरलेली, हात फुटलेले. मग परीक्षा.

२३ ऑक्टोबर २०१७ ला आपल्याकडे शासन निर्णय निघाला होता. शिक्षकाला बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणी मिळते, तिला अट घातली: शाळा प्रगत पाहिजे, शाळासिद्धीत (शाळांच्या सरकारी मूल्यमापनात) अ श्रेणी पाहिजे, आणि माध्यमिकला नववी-दहावीचा निकाल ८० टक्क्यांच्या वर पाहिजे. त्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीच चहा घेतला नाही. ज्याची शाळा तालुक्याच्या गावात, त्याचं काय जातं? आणि मी गाव सोडून गेलेल्या पोरांचा निकाल कुठून आणू? संघटना रस्त्यावर उतरल्या, पुढे त्या अटी मागे घेतल्या गेल्या. पण मधल्या काळात मी काय पाहिलं ते सांगतो. नववीला कच्चं पोरगं दिसलं की 'बाहेरून बस' म्हणून बापाला समजावणं सुरू झालं. दहावीचा निकाल चांगला, पोरगं शाळेबाहेर.

दोन_मुलांची_आई

गुरुजी, हे वाईट आहे. पण तो दोष अटीचा की कल्पनेचा? निकालाची टक्केवारी बघणं चुकीचं, हे मान्य. मूल कुठून कुठे आलं ते बघितलं तर?

आठवणींची_पेटी

निवृत्त मुख्याध्यापक आहे, सातारा. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांनी निकालावर अनुदान सुरू केलं. इन्स्पेक्टर वर्षातून एकदा शाळेत येई, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन, अंकगणित अशी परीक्षा घेई. एका विषयात मूल नापास झालं की शाळेचे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. मग शाळांनी काय केलं? तेवढेच तीन विषय उरले. इतिहास-भूगोल मागे पडला. मुलं वाचनाचं पुस्तक पाठ करून ठेवत. पुस्तक उलटं धरलं तरी घडाघडा म्हणत. शतक संपता संपता ती पद्धत गेली. आपल्या मुंबई इलाख्यातही शाळांना निकाल बघून अनुदान देण्याची रीत त्याच काळात आली होती. माझ्या आजोबांच्या बोलण्यात 'इन्स्पेक्शनचा दिवस' यायचा, त्यातली धास्ती मला लहानपणी कळत नसे.

आता उलटं सांगतो. मी मुख्याध्यापक असताना माझ्या हाताखाली एक इंग्रजीचे शिक्षक होते. त्यांच्या तासाला मुलं खिडकीतून उडी मारून *आत* येत. आणि दुसरे एक होते, त्यांचं नाव काढलं की मुलांचं पोट दुखे. पगारपत्रकावर सही करताना दोघांच्या नावासमोर सारखाच आकडा. दर महिन्याला मला त्या सहीची लाज वाटे. पूर्वी आदर्श शिक्षक पुरस्काराला आगाऊ वेतनवाढ जोडलेली असे, पण त्यासाठी फाइल स्वतः तयार करून स्वतःच अर्ज करायचा. माझ्या त्या इंग्रजीच्या शिक्षकांनी कधी अर्ज केला नाही. "मीच माझं कसं लिहू, सर?" म्हणाले. तेव्हा दोन्ही बाजूंनी माझं मन ओढलं जातं.

चिंगी

सर, खिडकीतून उडी मारून आत! आमच्या नगरच्या शाळेत भूमितीच्या बाई अशा होत्या. दोरी आणि दोन खिळे घेऊन मैदानावर लंबवर्तुळ काढायच्या. चाळीस वर्षं झाली, अजून मला दोन नाभी आठवतात.

कोयनाकाठ

आमच्याकडे पी.टी.चे सर. मी तोतरा होतो. त्यांनी मला संचलनाच्या ऑर्डरी द्यायला उभं केलं. सावधान-विश्राम करता करता तोतरेपणा गेला. ते कुठल्या परीक्षेत मोजणार?

अबोली_म्हापसा

कोयनाकाठ यांनी नेमकं सांगितलं. मी संगीत शिकवते. पाटीपेन्सिल, तुमच्या योजनेत संगीत, चित्रकला, खेळ, ग्रंथपाल यांचं काय?

पाटीपेन्सिल

अबोली, चांगला प्रश्न. राज्याची परीक्षा तिसरी ते आठवीला वाचन आणि गणित, एकदोन इयत्तांना विज्ञान, समाजशास्त्र. बाकीच्यांसाठी डिस्ट्रिक्टने स्वतः काही ठरवायचं: आधीची-नंतरची चाचणी, मुलांच्या कामाची फाइल, किंवा वर्षाच्या सुरुवातीला शिक्षकाने ठेवलेलं उद्दिष्ट. नाहीतर ज्यांच्या विषयाला परीक्षा आहे तेवढ्यांनाच योजनेत घ्यायचं. आमच्या पहिल्या मसुद्यात संगीत नाही. आमचे बँडचे सर बैठकीत काही बोलले नाहीत, नुसते वहीत काहीतरी लिहीत राहिले.

राज्याची ढोबळ मोजपट्टीही सांगते: रेकग्नाइज्ड म्हणजे राज्यातल्या वरच्या एक तृतीयांशात, एक्झेम्प्लरी वरच्या २० टक्क्यांत, मास्टर वरच्या ५ टक्क्यांत. डिस्ट्रिक्टमध्ये कोटा नाही, म्हणून आयटीवाल्यांचा बेल कर्व्ह जसाच्या तसा इथे लागत नाही. तरी लोक एकमेकांकडे बघायला लागतात हे खरं.

डेन्व्हरकर

आमच्या गावची गोष्ट. डेन्व्हरमध्ये 'प्रोकॉम्प' होतं, म्हणजे शिक्षकांना पगारावर बोनस देणारी योजना. २००५ च्या नोव्हेंबरात शहराने मतदान करून त्यासाठी वर्षाला अडीच कोटी डॉलरचा जादा कर स्वतःवर लावून घेतला. देशभरात कौतुक झालं. संघटनाही बरोबर होती.

आणि २०१९ च्या फेब्रुवारीत शिक्षक संपावर गेले. तीन दिवस. पंचवीस वर्षांतला पहिला संप. बर्फात मुलं पालकांबरोबर लाल टोप्या घालून कोपऱ्याकोपऱ्यावर उभी होती, आम्ही थर्मासमधून कोको नेऊन दिला. मागणी काय, तर बोनस नको, मूळ पगार द्या. माझ्या मुलाच्या शिक्षिका म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मला किती पगार मिळणार हे मला सांगता येत नाही. बँकेला घराच्या कर्जासाठी काय दाखवू?" बोनस दर वर्षी वरखाली. शाळेचा दर्जा बदलला की बोनस गेला, त्यात तिचा काय दोष?

पाटीपेन्सिल, तुमच्याकडे दर्जा पाच वर्षं टिकतो हे त्या मानाने बरं आहे. पण रक्कम शाळेतल्या मुलांच्या परिस्थितीवर ठरते म्हणजे दर वर्षी हलणारच ना? ते विचारा.

घाटावरचा_आयटीवाला

इथेच थांबा म्हणतो मी. अटलांटा विसरलात का? २००९ च्या परीक्षा. उद्दिष्ट गाठलं तर बोनस, नाही गाठलं तर नोकरीवर गदा. राज्याच्या चौकशीत २०११ मध्ये ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केलेली. २०१५ मध्ये अकरा जणांना कोर्टाने दोषी ठरवलं. शिक्षकांना बेड्या घालून नेताना टीव्हीवर पाहिलं. हा तुमचा परफॉर्मन्स पे.

दोन_मुलांची_आई

चोरी करणाऱ्याने चोरी केली म्हणून पगारच देऊ नका का? बँकेत अफरातफर झाली तर आपण बँका बंद करतो का? मला याचा राग येतो. दर वेळी चांगल्या शिक्षकाला चार पैसे जास्त द्यायची गोष्ट निघाली की कुणीतरी अटलांटा काढतं. माझ्या मुलीच्या विज्ञानाच्या बाई गेल्या त्या परत येणार नाहीत.

घाटावरचा_आयटीवाला

ताई, तुमचा राग समजतो. माझे शब्द जरा जोरात पडले, माफ करा. माझी आई शिक्षिका होती. एका वर्षी शाळेचा निकाल घसरला तेव्हा तिला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं. ती घरी येऊन जेवली नव्हती. म्हणून मला हे शांतपणे लिहिता येत नाही.

दोन_मुलांची_आई

🙏 समजलं. आईंना नमस्कार सांगा.

विदा_वेडा

भारतातला प्रयोग कुणीच काढला नाही म्हणून मी काढतो. आंध्र प्रदेश, २००५ पासून. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन. ग्रामीण सरकारी शाळा. मुलांच्या सरासरी गुणांत पाच टक्क्यांच्या वर जितकी वाढ होईल, त्यातल्या दर टक्क्याला शिक्षकाला ५०० रुपये. बोनस सरासरी वर्षाच्या पगाराच्या ३ टक्के, म्हणजे फार नाही. दोन वर्षांनी बोनसवाल्या शाळांतली मुलं गणितात आणि भाषेत दोन्हींत पुढे. ज्या विषयांना बोनस नव्हता, विज्ञान आणि समाजशास्त्र, त्यांतही पुढे. घोकंपट्टीच्या प्रश्नांवर वाढ दिसली तशी समजून सोडवायच्या प्रश्नांवरही दिसली.

म्हणून 'पैशाने शिक्षक बदलत नाही' हे सरसकट खरं नाही. गुरुजी, तुमचा रोष एका वाईट बनवलेल्या अटीवर आहे. या प्रयोगात मूल आधी कुठे होतं त्यावरून वाढ मोजली होती आणि कुणाचंही काही कापलं नव्हतं.

एक गमतीचा प्रयोग शिकागो हाइट्सचा, २०१०-११. काही शिक्षकांना वर्षाच्या सुरुवातीलाच ४,००० डॉलर हातात दिले. वर्षअखेर गुण वाढले नाहीत तर तितके परत करायचे. काहींना नेहमीसारखं वर्षअखेर देऊ म्हटलं. आधी पैसे मिळालेल्यांच्या वर्गात गणिताचे गुण वाढले, दुसऱ्यांच्या नाही.

गुरुजी_बीड

विदा_वेडा भाऊ, तुम्ही याला गमतीचा प्रयोग म्हणता. आमच्या मुलुखात याला 'उचल' म्हणतात. मुकादम जून-जुलैतच कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, पैसे देतो. पावसाळ्यात घर शाकारायला, दवाखान्याला, लग्नाला ते जातात. मग हंगामभर फेडायचे. अंगावर उचल असलेला माणूस काम नक्कीच जास्त करतो, त्यात वाद नाही. पण कशा मनाने करतो ते माझ्या वर्गातली पोरं मला सांगतात. शिक्षकाच्या अंगावर उचल टाकू नका.

आंध्रचं मात्र मी मनापासून ऐकलं. 'कुणाचं कापलं नाही' हा भाग मला पटला.

विदा_वेडा

गुरुजी, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मान्य. 'गमतीचा' शब्द मागे घेतो.

ह्यूस्टनची_सई

ह्यूस्टनमधून एक मुद्दा. इथे शिक्षकांचं मोजमाप एका खासगी कंपनीच्या, एसएएसच्या सूत्राने होत असे. मुलाच्या आधीच्या गुणांवरून यंदा किती पडायला हवे ते यंत्र ठरवणार, जास्त पडले तर श्रेय शिक्षकाला, कमी पडले तर दोष शिक्षकाला. पण सूत्र कंपनीच्या मालकीचं. शिक्षकाने विचारलं, माझा आकडा कसा आला, तर उत्तर नाही. शिक्षक संघटना कोर्टात गेली. २०१७ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी म्हटलं की स्वतःचा आकडा बरोबर आहे का हे तपासायची सोयच नसेल तर त्यावरून नोकरी काढण्याला घटनात्मक आक्षेप घेता येतो. मग तडजोड झाली. आकडा स्वतंत्रपणे तपासता येत नसेल तोवर त्यावरून कुणाला काढायचं नाही.

पाटीपेन्सिल, समितीत हे लिहून घ्या: माझा आकडा मला स्वतःला मांडून बघता आला पाहिजे. तुम्ही तर गणिताच्या!

कोयनाकाठ

+१ सईला.

अवांतर: वर चिंगीने लंबवर्तुळ लिहिलंय ते आज मुलाला अंगणात काढून दाखवलं. दोरी सैल सोडली तर बटाटा होतो.

चिंगी

दोरी ताणलेली ठेवायची हो! बाई ओरडायच्या, "ताण, ताण!"

आठवणींची_पेटी

धागा छान चाललाय. विदा_वेडा यांनी वर लिहिलं की डॅलसमध्ये पैशाने माणसं हलली. हे जरा खोलून सांगाल का? मला वाटतं पाटीपेन्सिल बाईंच्या पार्किंगमधल्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

विदा_वेडा

सर, बरोबर जागी बोट ठेवलंत. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

डॅलसने २०१५ मध्ये 'एस' नावाचा कार्यक्रम काढला. सर्वात मागे पडलेल्या काही शाळा निवडल्या. नव्या मूल्यमापनात वर आलेल्या शिक्षकांना सांगितलं, तुम्ही या शाळेत शिकवायला चला, तुमच्या दर्जानुसार वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत जादा. चांगले मुख्याध्यापक आधी नेमले. शाळेचा दिवस लांबवला, मुलांना संध्याकाळचं जेवण दिलं. आणि त्या शाळा खरंच वर आल्या. एक-दोन वर्षांत डिस्ट्रिक्टच्या सरासरीच्या जवळ पोचल्या.

आता पुढचं ऐका. शाळा वर आल्या म्हणून त्यांचा जादा भत्ता बराचसा काढून घेतला. त्याबरोबर पुष्कळ चांगले शिक्षक निघून गेले. आणि गुण परत घसरले. नंतरच्या अभ्यासात हे स्पष्ट दिसतं. मुलं तीच, इमारत तीच.

गुरुजी_बीड

म्हणजे अवघड जागी जायला दिलेले पैसे लागू पडले, आणि काढून घेतल्यावर नुकसान झालं. आपल्याकडे डोंगराळ, दुर्गम शाळेवर जायला कुणी तयार नसतं. बदलीच्या पोर्टलवर सगळे सोयीचं गाव भरतात. मीही भरलंय, आई आजारी होती तेव्हा. 'चांगला शिक्षक कोण' हे ठरवत बसण्यापेक्षा 'अवघड वर्ग कोण घेतो' हे तर दिसतंच ना? ते मोजायला सूत्र लागत नाही.

दोन_मुलांची_आई

गुरुजी, हे मी माझ्या स्कूल बोर्डाच्या सभेत बोलणार आहे. तीन मिनिटं मिळतात, पुरतील.

घाटावरचा_आयटीवाला

यावर मीही हो म्हणेन.

अबोली_म्हापसा

आणि बँडचे सर? त्यांच्याकडे सगळ्या वर्गांतली मुलं येतात, ती नव्याने आलेलीसुद्धा. भाषा येत नसताना त्या मुलांना पहिल्या दिवशी जिथे बसता येतं अशी शाळेतली एकच खोली म्हणजे संगीताची. माझ्याकडे कन्नड आणि हिंदी घरची मुलं येतात, मी बघते.

पाटीपेन्सिल

मंडळी, काल समितीची बैठक झाली. आदल्या रात्री हा धागा पुन्हा पहिल्यापासून वाचला.

मी हो म्हटलं. बाहेरच्या डिस्ट्रिक्टांत पगार वाढतोय आणि दर उन्हाळ्यात आमचे दोन-तीन चांगले शिक्षक जातायत, हे दोन_मुलांची_आई यांनी लिहिलंय ते आमच्याकडेही खरं आहे. राज्याचे पैसे नाकारायची आमची ऐपत नाही. पण मत देण्याआधी तीन गोष्टी मांडल्या.

पहिली, नव्याने आलेल्या मुलांचा वर्ग आणि दुसरे दोन वर्ग, जे कुणी मागत नाही, त्यांना डिस्ट्रिक्टच्या पैशातून ठरलेला भत्ता. दर्जा मिळो न मिळो. आणि मुलं पुढे गेली म्हणून तो काढायचा नाही. डॅलसचं उदाहरण सांगितलं तेव्हा सुपरिंटेंडेंटनी मान वर करून विचारलं, "काढल्यावर खरंच खाली आल्या?" मी हो म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं.

दुसरी, ज्या मुलांना मागच्या वर्षीचे गुण नाहीत त्यांना वगळायचं नाही. सप्टेंबरात आणि मे महिन्यात त्यांची स्वतंत्र चाचणी घ्यायची, हवी तर त्यांच्या भाषेत. गणिताला ते जमतं. ती चाचणी बनवायचं काम मी अंगावर घेतलंय.

तिसरी सईची. प्रत्येकाला स्वतःचा आकडा कसा आला तो कागद मिळणार. ही लगेच मान्य झाली.

संगीताचं अजून अडलंय, अबोली. बँडचे सर या वेळी बोलले. वहीत ते सप्टेंबरात कुठल्या मुलाला वाद्य धरताही येत नव्हतं आणि आता तो काय वाजवतो, हे लिहीत होते. प्रत्येक मुलाचं एक पान. त्यांनी वही टेबलावर ठेवली. पुढच्या बैठकीत त्या वहीवरून काही पद्धत बसवता येते का ते बघणार आहोत. तुमच्याकडे तुम्ही वर्षाच्या सुरुवातीला मुलांचं काय टिपून ठेवता ते मला कळवाल का?

भत्त्याचा निर्णय बोर्डाकडे गेलाय. महिनाअखेर कळेल. शेजारच्या बाईंना आज सकाळी सांगितलं. त्या म्हणाल्या, भत्ता आला तर पहिल्यांदा वर्गासाठी पश्तू-इंग्रजी शब्दकोश घेणार. मी म्हटलं, तो शाळेने घ्यायचा असतो, तुम्ही गाडीचे टायर बदला.

अबोली_म्हापसा

नक्की कळवते. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला मी 'सा' लावायला सांगते आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवते. मार्चमध्ये परत. उद्या पाच-सहा मुलांच्या नोंदी लिहून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

गुरुजी_बीड

ताई, ती चाचणी तयार झाली की मला पाठवाल का? इंग्रजी असली तरी चालेल, मी मराठीत करून घेईन. मार्चमध्ये पोरं ऊसतोडीवरून परत आली की त्यांना नेमकं काय येतंय हे बघायला मला असंच काहीतरी हवंय. पुढच्या आठवड्यात आमच्या केंद्राची शिक्षण परिषद आहे, तिथे दाखवतो.